व्यायामाची डिग्री आणि गोणी उचलणारे बाबा

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. मी कोपरखैरण्याला राहते. बारावी सायन्सनंतर फिजिओथेरपीला जायचं होतं, पण नीटचे मार्क कमी पडले आणि खासगी कॉलेजची फी आवाक्याबाहेरची होती. म्हणून एक्सरसाइज सायन्सच्या बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. आता दुसरं वर्ष चालू आहे. शाळेपासून कबड्डी खेळते, चढाईला जाते, त्यामुळे विषय आवडेल असं वाटलं होतं. पण बायोकेमिस्ट्री आणि स्टॅटिस्टिक्सनं जीव नकोसा केलाय. नातेवाईक विचारतात, "म्हणजे जिम ट्रेनर होणार का?" आमच्याच सेक्टरमधला एक मुलगा तीन महिन्यांचं सर्टिफिकेट घेऊन जिममध्ये लागलासुद्धा. माझे बाबा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी कामगार आहेत. ते रागावत नाहीत, नुसते हसतात आणि म्हणतात, "मी इतकी वर्षं गोण्या उचलतोय, मला कोण डिग्री देणार?" यावर मला काही बोलता येत नाही. पुढे नोकऱ्या आहेत का? परदेशात जावंच लागेल का? की हे आत्ताच सोडून बी.पी.एड. करू?

स., कोपरखैरणे

प्रिय स.,

पदवी सोडू नकोस. उत्तर आधीच देऊन टाकलं, आता कारणं निवांत वाच.

बी.पी.एड.चं आधी उरकते. दोन वर्षांच्या बी.पी.एड.ला मुळात कुठल्या तरी शाखेची पदवी लागते. आत्ता कॉलेज सोडलंस तर तो रस्ताही बंद झाला. पदवी पूर्ण केलीस तर तो उघडा राहतो. शाळेत क्रीडाशिक्षिका व्हायची मनापासून हौस असेल तर पदवी हातात आल्यावर जरूर त्याचा विचार कर. चांगलं काम आहे ते, आणि शरीरशास्त्र पक्कं असलेल्या क्रीडाशिक्षिका आपल्या शाळांना हव्याच आहेत.

आता बाबांचा प्रश्न. तुझ्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न त्यांचाच आहे. ते हसत म्हणाले असतील, पण तुझ्या विषयातलं एक मोठं दालन जवळपास याच प्रश्नानं उघडलंय. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी तिथल्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. बस डबल-डेकर. ड्रायव्हर पाळीभर सीटवर बसलेला आणि कंडक्टर तिकिटं देत दिवसभर जिना चढतोय-उतरतोय. १९५३मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष छापून आले. कंडक्टरांना हृदयविकार कमी होता, आणि झालाच तर तो ड्रायव्हरांइतका जीवघेणा नव्हता. कामातली हालचाल आणि हृदय यांचं नातं आकड्यांत मांडणाऱ्या सुरुवातीच्या मोठ्या अभ्यासांपैकी हा एक.

इथवर ऐकलं की बाबा म्हणतील, "बघ, मी तेच म्हणतोय." मग त्यांना पुढचं सांग. माथाडीचं काम कंडक्टरच्या कामासारखं नाही. जिना चढताना पायांचे मोठे स्नायू ठेक्यात आखडतात आणि सैल होतात, श्वास चालू राहतो, नाडी वाढते आणि वर पोचल्यावर खाली येते. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेताना माणूस श्वास छातीत कोंडतो, पोट-पाठ घट्ट आवळतो आणि तेवढ्या क्षणांत रक्तदाब एकदम वर जातो. हे एकदा होत नाही, गाडी रिकामी होईपर्यंत होत राहतं. त्यात मार्केटमधला उकाडा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. कष्ट इतके तास चालतात की शरीराला सावरायला वेळ मिळत नाही. पण हृदयाची क्षमता वाढायला ज्या प्रकारचा जोर लागतो तो त्यात क्वचितच असतो. थोडा वेळ चांगला दम लागावा आणि मग पुरेशी विश्रांती मिळावी, अशी कामाची आखणी कुठलाही मुकादम करत नाही.

डेन्मार्कमध्ये आंद्रेयास होल्टरमन आणि त्यांचे सहकारी नेमकं हेच तपासत आले आहेत. कोपनहेगन परिसरातल्या एक लाखाहून जास्त लोकांवरचा त्यांचा अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. फावल्या वेळात हालचाल करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका कमी दिसला, तर कामावर जास्त अंगमेहनत करणाऱ्यांना उलट जास्त. यावर अजून वाद चालू आहे. कष्टाची कामं करणाऱ्यांत तंबाखू जास्त, पगार कमी, झोप अपुरी, उपचार उशिरा. मग यातला किती दोष ओझ्याचा आणि किती परिस्थितीचा? संशोधक हे आकडेमोडीनं वेगळं करू पाहतात, पण पूर्ण वेगळं होत नाही. मॉरिसनाही हाच पेच पडला होता. १९५६मध्ये त्यांच्या गटानं बस कर्मचाऱ्यांच्या गणवेशाच्या मापांच्या नोंदी तपासल्या. तरुण वयातसुद्धा ड्रायव्हरांच्या पँटची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी होती. म्हणजे मुळातच जाड माणसं ड्रायव्हर होत होती की काय? सगळं श्रेय जिन्याला देता येणार नव्हतं. आपल्याच निष्कर्षावर शंका घेऊन मॉरिस गणवेशाची मापं धुंडाळायला गेले, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

आणि हेच तुझं स्टॅटिस्टिक्स आहे. पुस्तकात 'कन्फाउंडिंग' (एका कारणात दुसरं मिसळून जाणं) असा शब्द येतो आणि खाली एक रटाळ व्याख्या असते. तिथे समासात 'ड्रायव्हरची पँट' असं लिहून ठेव.

महाराष्ट्रात १९६९मध्ये माथाडी कायदा आला आणि हमालांना मंडळ, पगाराची नोंद, भविष्यनिर्वाह निधी असं संरक्षण मिळालं. पण उचलणाऱ्याच्या पाठीवर, गुडघ्यांवर, रक्तदाबावर वर्षानुवर्षं काय साचत जातं याची मोजदाद करणारी माणसं आपल्याकडे फार कमी आहेत. अमेरिकेतल्या निऑश या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेनं १९९१मध्ये दोन हातांनी ओझं उचलण्यासाठीचं गणित सुधारून मांडलं. त्यात सगळी परिस्थिती अनुकूल असली, ओझं अंगालगत असलं, वाकावं लागत नसलं, तरी शिफारस २३ किलोवर थांबते. तुर्भ्याच्या गोणीशी हे ताडून बघ. बाबांना डिग्रीची गरज नाही हे खरंच आहे. पण त्यांच्या कामाचा शरीराच्या बाजूनं हिशेब मांडू शकणारी मुलगी त्यांच्या घरात शिकतेय, हे त्यांना सांगायला तू बिचकू नकोस.

एक काम याच आठवड्यात कर. बाबा उठायच्या आधी, अंथरुणावर असतानाच, त्यांची मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोज. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नकोस. मार्केट चालू असलेल्या दिवशीची आणि सुट्टीनंतरच्या सकाळची वेगळी लिहून ठेव. शक्य असेल तर रक्तदाबही घे: पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकलेली, हात हृदयाच्या पातळीला, बोलणं बंद, आणि अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झालेली नसावी. आकडा वेगवेगळ्या दिवशी १४०/९०च्या वर येत राहिला तर वही घेऊन डॉक्टरांकडे जायचं. तिथे तुझं काम संपतं. पाठ दुखते म्हणून यूट्यूबवरचा व्यायाम त्यांना शिकवायला बसू नकोस, तू स्वतः शिकलेलाही नको. आधी डॉक्टर, मग फिजिओथेरपिस्ट.

यावरूनच पुढच्या मुद्द्यावर येते, आणि इथे थोडं कडक बोलते. फिजिओथेरपी हुकली म्हणून तू इकडे आलीस, हे मी समजू शकते. महाराष्ट्रात त्या प्रवेशासाठी नीट लागते आणि सरकारी जागा मोजक्याच आहेत. पण ही पदवी 'अर्धी फिजिओ' आहे असं मनात ठेवून शिकलीस तर दोन्हीकडून जाशील. फिजिओथेरपिस्ट दुखापत किंवा आजारानंतर माणसाला तपासते आणि उपचार करते. त्या व्यवसायाला २०२१च्या कायद्यानं राष्ट्रीय आयोगाच्या चौकटीत आणलं आहे. तुझी पदवी तुला निदानाचा अधिकार देत नाही. गुडघा का दुखतो हे सांगायचं नाही, मशिन लावायचं नाही, नावामागे 'डॉ.' लावायचं नाही. तुझं क्षेत्र आहे शरीराची क्षमता मोजणं, ती कशामुळे बदलते ते समजणं आणि सुरक्षितपणे ती वाढवणं. डॉक्टरांनी परवानगी दिलेला मधुमेही, बायपासनंतर सावरलेला माणूस, साठीनंतर खुर्चीतून उठताना हात टेकावे लागणारी आजी, आणि हो, चढाई करणारी खेळाडूही. यात आयुष्यभराचं काम आहे.

जिममधल्या त्या मुलाबद्दल नातेवाईक बोलतात तेव्हा त्याला कमी लेखू नकोस. तो मेहनत करतोय, कमावतोय. फरक पुढे दिसतो. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन, म्हणजे एसीएसएम, या १९५४मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची पर्सनल ट्रेनरची परीक्षा बारावीनंतरही देता येते, पण त्यांच्याच एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्टच्या परीक्षेला संबंधित विषयातली पदवी लागते. खेळाडूंच्या स्ट्रेंग्थ ट्रेनिंगमध्ये सीएससीएस या परीक्षेला जगभर मान आहे, तिलाही पदवी लागते. तीन महिन्यांच्या कोर्सवाल्याला ती दारं बंद आहेत, तुला नाहीत. मात्र याच्या उलटंही खरं आहे. वजन उचलताना समोरच्याच्या पाठीची कमान कुठे मोडतेय हे त्या मुलाला दिसत असेल आणि तुला फक्त स्नायूंची लॅटिन नावं येत असतील, तर ग्राहक त्याच्याकडेच जाणार, आणि त्यात ग्राहकाचं चुकत नाही.

म्हणून अवघड विषयांकडे परत येऊ. बायोकेमिस्ट्रीला घाबरतेस, पण तू ती रोज मैदानावर जगतेस. चढाईला जास्तीत जास्त ३० सेकंद. मध्यरेषा ओलांडून आत शिरणं, झटक्यात पाय टाकणं, वळणं, कोपऱ्यातल्या बचावपटूनं घोटा धरायच्या आत परत झेप घेणं. या स्फोटक हालचालींना लागणारी ऊर्जा स्नायूत तयार पडलेल्या एटीपी या ऊर्जेच्या रेणूतून येते, पण ती दोन-तीन सेकंदच पुरते. मग क्रिएटिन फॉस्फेट ती भरून काढतं, साधारण आठ-दहा सेकंदांपर्यंत. चढाई लांबली की ग्लुकोज ऑक्सिजनशिवाय फोडणारी यंत्रणा भार उचलते आणि लॅक्टेट वाढतं. (आणि दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्याचा दोष लॅक्टेटला देऊ नकोस. ते तासाभरात रक्तातून बरंचसं निघून जातं, आणि हृदय तर ते इंधन म्हणून वापरतं. दुखणं येतं ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेतून.)

आता खरी गंमत. वापरलेलं क्रिएटिन फॉस्फेट अर्ध्या मिनिटाच्या आसपास निम्मं भरून येतं आणि जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. ते भरायला ऑक्सिजन लागतो. म्हणून तुला लागोपाठ दुसऱ्या चढाईला पाठवलं की तुझी झेप आखूड पडते आणि बोट लावायचं राहून जातं. म्हणूनच, कबड्डी 'दमाचा खेळ नाही, झटक्याचा खेळ आहे' असं म्हणत पळायचा कंटाळा करणारी चढाईपटू उत्तरार्धात मागे पडते. क्रेब्ज सायकलचं, म्हणजे ऑक्सिजनच्या जोरावर ऊर्जा बनवणाऱ्या चक्राचं, चित्र वहीत काढशील तेव्हा शेजारी तुझ्या एका सामन्यातल्या चढायांच्या वेळा लिही: किती सेकंदांची, मध्ये किती विश्रांती, कुठल्या चढाईत बाद झालीस. हाच तुझा तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प होऊ शकतो. कबड्डीच्या चढाईवर मराठी खेळाडू मुलीनं नीट मोजमाप करून काम केलं तर मी ते मोठ्या आवडीनं वाचेन.

स्टॅटिस्टिक्ससाठी लॅबमधून स्किनफोल्ड कॅलिपर, म्हणजे कातडीखालची चरबी मोजायचा चिमटा, माग. दंडाच्या मागच्या बाजूला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर पेनानं खूण कर. डाव्या हाताच्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं कातडी आणि तिच्याखालची चरबी उभी चिमटीत धर, स्नायू चिमटीत येऊ देऊ नकोस. कॅलिपर बोटांपासून एक सेंटिमीटर खाली लाव, दाब सोड, दोन सेकंद थांबून आकडा वाच. चिमटी तोवर सोडायची नाही. वर्गातल्या दहा-बारा मैत्रिणींची मापं घे, आणि पहिले आकडे झाकून सगळ्यांची पुन्हा घे. आकडे जुळणार नाहीत. कुणाचा एक मिलिमीटरनं, कुणाचा तिपटीनं जास्त फरक पडेल. तो फरक मैत्रिणींच्या दंडात नसतो, तुझ्या हातात असतो. त्याला मापनातली तांत्रिक चूक म्हणतात आणि ती काढायचं सूत्र तुझ्या पुस्तकात आहे. उद्या एखादीची चरबी महिन्याभरात दोन मिलिमीटरनं कमी झाली असं सांगायला जाशील, तेव्हा तुझ्या हाताची चूकच दोन मिलिमीटरची असेल तर तू काहीच सांगितलेलं नसतं. स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप, हे प्रकरण मला वाटतं एवढ्यासाठीच जन्माला आलंय: माहीत नसलेलं माहीत आहे असं आपण लोकांना सांगू नये म्हणून.

दुसरं उदाहरण माझ्या रोजच्या कामातलं. हृदयविकारानंतरच्या व्यायामासाठी ठाण्यात माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अनेक जण उपवन तलावाला फेऱ्या मारतात आणि मनगटावरच्या घड्याळात '२२० वजा वय' हा आकडा बघून घाबरतात, नाहीतर उगाच जोर लावतात. हे सूत्र १९७१च्या एका लेखापासून पसरलं. आधीच्या काही अभ्यासांचे आकडे एकत्र मांडून त्यांतून अंदाजानं ओढलेली ती रेघ होती. २००१मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच मोठ्या माहितीवरून दुसरं सूत्र दिलं: २०८ वजा वयाच्या ०.७ पट. तुझ्या विशीत पहिलं सूत्र २०० सांगतं आणि दुसरं १९४. साठीच्या माणसाला पहिलं १६० आणि दुसरं १६६. आणि दोन्ही सूत्रांभोवती माणसामाणसात साधारण दहा ठोक्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन आहे. म्हणजे साठीच्या दर तीन माणसांपैकी एकाचा खरा आकडा सूत्रापासून दहापेक्षा जास्त ठोक्यांनी दूर असू शकतो. त्यात हृदयविकाराच्या रुग्णाला मेटोप्रोलॉलसारखं बीटा ब्लॉकर चालू असेल तर नाडी औषधानंच दाबलेली असते आणि सूत्राचा काही उपयोगच उरत नाही. तिथे आम्ही स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची ६ ते २०ची पट्टी वापरतो. माणसाला विचारतो, किती जड जातंय? 'थोडं जड' म्हणजे १३ आला की बहुतेकांना तिथेच ठेवतो. बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये. एवढ्यासाठी डिग्री कशाला, असं कुणी म्हणेल. सूत्र कुठे लागू होत नाही हे कळायलाच डिग्री लागते.

नोकऱ्यांबद्दल खरं सांगते. सुरुवातीचा पगार कमी असतो, आणि या पदवीचं नाव ऐकून लगेच नोकरी देणारी ठिकाणं आपल्याकडे अजून थोडी आहेत. बहुतेक मुलं क्रिकेट संघाच्या जर्सीत स्वतःला बघत प्रवेश घेतात. त्या जागा हातावर मोजण्याइतक्या. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या क्रीडाशास्त्राच्या पदांना सहसा मास्टर्स मागतात. तिकडेच जायचं असेल तर एक्सरसाइज फिजिऑलॉजी किंवा बायोमेकॅनिक्समध्ये एम.एस्सी. धर. मणिपालला व्यायाम आणि क्रीडाशास्त्रात एम.एस्सी. आहे. प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा आहे. ती संस्था १९६१पासून प्रशिक्षक घडवतेय. आपल्याच राज्यात अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४पासून उभं आहे. त्यांचं पथक १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं होतं. व्यायामाचं शिक्षण हे कालचं फॅड नाही, एवढं नातेवाईकांना सांगायला हे पुरेल.

पण माझा कल विचारशील तर तो खेळाडूंपेक्षा उरलेल्या लोकांकडे आहे. २०२३मध्ये आयसीएमआरच्या मोठ्या सर्वेक्षणानं देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज दिला. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर आत ओढू शकतो, ही तुझ्या बायोकेमिस्ट्रीतली जीएलयूटी-४ची, म्हणजे साखर स्नायूत आत नेणाऱ्या प्रथिनाची, गोष्ट. ती वापरून लोकांना रोज जेवणानंतर चालायला, आठवड्यातून दोनदा वजन उचलायला लावणारं प्रशिक्षित माणूस किती सोसायट्यांत आहे? ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या नव्या इमारतींत क्लबहाऊस आहे, ट्रेडमिल आहे, पण ट्रेडमिलवर चढणाऱ्या पासष्टीच्या काकांना आधी चार प्रश्न विचारणारं कुणी नाही. छातीत दुखतं का, चक्कर येते का, काही औषधं चालू आहेत का, पूर्वी हृदयाचं काही झालंय का? हृदयविकारानंतरचं पुनर्वसन आपल्याकडे फार थोड्या रुग्णांपर्यंत पोचतं. आणि तू तर कोपरखैरण्याची. रबाळे, महापे, तुर्भे हा सगळा एमआयडीसीचा पट्टा तुझ्या दारात आहे. एकीकडे दिवसभर खुर्चीत बसणारे आयटीवाले, दुसरीकडे दिवसभर ओझं वाहणारे कामगार. कामगारांच्या शारीरिक क्षमतेचं आणि ओझ्याचं काम करणाऱ्याला एर्गोनॉमिक्सची, म्हणजे काम माणसाच्या शरीराला जुळवून घेण्याच्या शास्त्राची, जोड घेता येते. माथाड्याच्या मुलीला तिथे जे दिसेल ते एसी ऑफिसातून आलेल्या सल्लागाराला दिसणार नाही.

परदेशाचं थोडक्यात. जावंच लागेल असं अजिबात नाही. ऑस्ट्रेलियात मान्यताप्राप्त एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट हा आरोग्यव्यवस्थेचा भाग आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दीर्घ आजाराचे रुग्ण त्यांच्याकडे जातात आणि सरकारी मेडिकेअर त्यातला काही खर्च देतं. तिथली व्यवस्था शिकण्यासारखी आहे. पण बाबांच्या पगारावर मोठं कर्ज काढून पदवीनंतर लगेच जाऊ नकोस. दोन वर्षं इथे काम कर. मग नेमकं काय शिकायचंय हे कळलेलं असेल, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात लिहायला स्वतःचं काम असेल.

इंटर्नशिपची जागा आतापासून शोधायला लाग. नेरूळ आणि कामोठ्याला मोठी शिक्षण रुग्णालयं आहेत. तिथल्या फिजिओथेरपी किंवा कार्डिऍक विभागात निरीक्षक म्हणून उभं राहायला मिळतं का, हे कॉलेजच्या पत्रासह जाऊन विचार. फोनवर बहुतेक नकार मिळतो, समोर उभ्या राहिलेल्या मुलीला निदान कुणाला भेटायचं ते तरी सांगतात. सहा मिनिटांची चालण्याची चाचणी तोवर हातात बसवून घे: तीस मीटरची सपाट जागा टेपनं मोजून, दोन टोकांना खुणा ठेवून, ठरलेली वाक्यंच बोलायची, सोबत चालायचं नाही, कारण तू चाललीस की समोरचा तुझ्या वेगानं चालतो. कोपरखैरण्याच्या निसर्ग उद्यानात पहाटे येणाऱ्या तुझ्या ओळखीच्या धडधाकट मावश्यांवर सराव कर, पण आधी वर लिहिलेले चार प्रश्न विचारून. एकाचंही उत्तर 'हो' आलं तर त्यांची चाचणी घ्यायची नाही, डॉक्टरांना दाखवायला सांगायचं.

राहता राहिलं पैशाचं. घरी हातभार लागावा म्हणून जिममध्ये अर्धवेळ लागावंसं वाटत असेल तर जरूर लाग. सकाळची बॅच घे, म्हणजे लेक्चर चुकणार नाहीत. त्याआधी सीपीआरचं प्रशिक्षण घे, कारण एखादा सभासद कोसळलाच तर रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटं तुझ्या हातात असतील. सप्लिमेंटचे डबे विकायचं काम मात्र स्वीकारू नकोस, कमिशन कितीही असो. आणि परीक्षेच्या महिन्यात सुट्टी मिळेल हे रुजू होतानाच मालकाकडून लिहून घे.

तुझी ताई